शर्ट राहू दे ना, सिस्टर

हार्ट अटॅक आलेला माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात. बायकोचं घेतो. निदान "वाचवा हो" तरी म्हणतो. मी काय म्हणालो, सांगू? पनवेलच्या एका हॉस्पिटलात घामाने निथळत, जबडा आवळून पडलो होतो. नर्सने ईसीजीच्या वायरी हातात घेतल्या आणि मी दोन्ही हातांनी शर्टाची बटणं घट्ट धरली. म्हणालो, "शर्ट राहू दे ना, सिस्टर."

तिला वाटलं मला थंडी वाजतेय. "काका, एसी बंद करते, पण शर्ट काढावा लागेल." मी मान हलवत राहिलो. शेवटी तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून खडू काढावा तशी. त्या क्षणी मरणाची भीती मला वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू? भीती वाटत होती ती एवढीच, की आता ही बाई माझी छाती बघणार.

मी जितेंद्र म्हात्रे, राहणार विचुंबे. जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघतो. वय सत्तेचाळीस. वजन विचारू नका. बायपास होऊन आता वर्ष होत आलं. हे लिहायला मला आमच्या फिजिओथेरपिस्ट गौरी मॅडमनी बसवलं. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखे पुष्कळ पुरुष येतात, पण बोलत कोणीच नाही." बरं, बोलतो.

काय होतं ते सरळ सांगतो

पुरुष असून मला छाती आहे. बायकांना असते तशी. मिसरूड फुटायच्या आधीपासून आहे. डॉक्टरांकडे त्याला एक लांबलचक नाव आहे, आजारबिजार काही नाही म्हणाले. पण शाळेतल्या पोरांकडे छोटं नाव होतं: जितूताई.

गावच्या तळ्यात सगळी पोरं नागडी-उघडी उड्या मारायची आणि मी काठावर शर्ट घालून त्यांच्या कपड्यांची राखण करायचो. आई विचारायची, "तू का रं सुका आलास?" मी सांगायचो, पाणी घाण होतं. पीटीच्या तासाला धावायचं म्हटलं की माझं पोट दुखायचं. धावलं की काय काय हलतं हे मला ठाऊक होतं, आणि वर्गालाही.

लग्नातसुद्धा तेच. आमच्या आगऱ्यांच्या हळदीत नवऱ्याला उघडा बसवून नखशिखान्त पिवळा करतात. मी गंजी काढेना. चुलतभावांना वाटलं नवरा लाजतोय, ते हसत हसत गंजी ओढायला लागले. मी एकाला ढकलून दिलं आणि खोलीत जाऊन कडी लावली. बाहेर बेंजो पहाटेपर्यंत वाजत होता. माझ्या हळदीत मी सोडून अख्खं गाव नाचलं.

पुढे वजन वाढत गेलं, तसा जो भेटेल तो सल्ला द्यायचा. चाल जरा. जिम लाव. लावली ना! नवीन पनवेलात, पैसे भरून. आत शिरलो तर चारी भिंतींना आरसे. ट्रेडमिलवर उभा राहिलो, समोर मीच, बाजूला मीच, पाठीमागे पण मीच. आठवडाभरही गेलो नसेन. गंमत बघा, ज्याला व्यायामाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तिथे जायची सगळ्यात जास्त लाज. ऑफिसच्या तपासणीत ईसीजी सांगितला होता, तोही मी "पुढच्या महिन्यात" म्हणत टाळला, कारण मशीनवर बाई होती. मग एका दुपारी यार्डात कंटेनरच्या सावलीत उभा असताना जबड्यात कळ आली आणि पुढचा महिना तिथेच उगवला.

छोटी छोटी पुण्यं

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. आठवते ती नंतरची एक नर्स. ड्रेसिंगला आली की आधी पडदा ओढायची, मग एक स्वच्छ फडकं माझ्या छातीवर पसरायची आणि फक्त टाक्यांपुरतं बाजूला करायची. मी काहीएक सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला भेटायला सोडलं तेव्हा तिने आयसीयूच्या दारातूनच हाक मारली, "बाला, जेवलास का रं?" नाकात नळी, छाती मधोमध उभी चिरलेली, आणि ही विचारते जेवलास का. बरं, पिशवीत खरंच तांदळाची भाकरी होती, सुकटीबरोबर. सिस्टरने हात जोडले. आई म्हणाली, "मंग तुमी तरी खा." मला हसू आलं, आणि बायपासनंतर हसणं म्हणजे काय यातना असतात ते ज्यांचं झालंय त्यांनाच विचारा.

सुषमा, माझी बायको, या सगळ्यात एकदाही रडली नाही. खाली फाइल घेऊन धावायची, वर येऊन माझे पाय दाबायची. ती रडत नाही म्हणून मला जास्त भीती वाटायची.

पट्टे खांद्यावर

घरी आलो आणि जखमेचं खालचं टोक पाझरायला लागलं. सर्जननी बघितलं, गौरी मॅडमना बोलावलं, आणि माझ्यासमोरच बोलणं झालं. छातीचं वजन दोन्ही बाजूंनी टाके ओढतंय. मग ते माझ्याकडे वळले. "म्हात्रे, नीट ऐका. तुमच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. ते वाढवायला रोज चालायलाच हवं, मोकळ्यावर, सलग. आणि ही जखम बंद राहायला हवी. ती आतवर गेली तर छाती पुन्हा उघडावी लागेल. तुमचं हृदय ते दुसऱ्यांदा सोसेल का, याची खात्री मी देणार नाही."

मेडिकलमधून आणलेला पट्टा होता, पण तो सरकून पोटावर जाऊन बसायचा. गौरी मॅडम जरा घुटमळल्या. "सर, खरं सांगू? तुम्हाला खांद्यावर पट्टे असलेलं काहीतरी लागेल. समोरून उघडणारं, सुती. म्हणजे... लेडीजचं असतं तसं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सुषमा शेजारीच बसली होती. ती हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "तयार मिळेल की शिवावं लागेल?" रिक्षात मी तिच्याकडून तोंड फिरवून बसलो. जणू तो ठराव तिनेच मांडला होता.

घरी आईने विचारलं, "काय बोलला डाक्टर?" सुषमाने सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

"ह्यॅ! त्यात काय?" आई म्हणाली. "चोली शिवते की. अख्ख्या विचुंब्याच्या बायांना शिवल्यात, पोराला नको?"

"आई, मी घालणार नाही."

"उठ. माप घेऊंदे."

"नाही म्हटलं ना!"

ती खाटेवर बसली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अरं बाला, तुजी छाती तू बगायच्या आदी मी बगीतलीय. उठ."

दोन-तीन दिवस दुपारी तिच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आतून मशीनचा आवाज यायचा, मागच्या घरातल्या हिराकाकूंचा आवाज यायचा. त्या रोजच पान खायला येतात, मी लक्ष दिलं नाही. मग चोळी आली. शेवटी मीच हरलो आणि निदान पांढरी तरी शिव म्हणून बजावलं होतं, तर हिने आपलं जुनं लुगडं फाडून शिवलेली. गुलाबी, वर बारीक पांढरी फुलं! "नवा कापड टोचतं रं जखमेला," म्हणाली. समोर हुकांऐवजी चपटी बटणं, कारण हुक रुततात. आत मऊ घडी, जखमेच्या बरोबर खाली.

घातली. आणि काय सांगू, पहिल्यांदा खोकलो तेव्हा छाती जागच्या जागी राहिली. ऑपरेशन झाल्यापासून मी हात दाबून, जीव मुठीत धरून खोकत होतो. मला बरं वाटलं. ते मी आईला सांगितलं मात्र नाही.

अरे-तुरे

आता चालायचं राहिलं होतं. मी घरातच चालायचो. हॉलमधून किचन, किचनमधून हॉल, आई मधे बसून भाजी निवडत असायची तिला वळसा घालून. गौरी मॅडमनी फोनवर विचारलं की सांगायचो, हो, चालतो. पुढच्या तपासणीला त्यांनी कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि मी अर्ध्यातच भिंत धरली. बाजूला उभ्या असलेल्या सुषमाला सगळं कळलं.

घरी येऊन तिने पर्स खुर्चीवर फेकली. "काय चाललंय तुमचं? गावभर रस्ते आहेत, तळं आहे, मैदान आहे. का नाही जात?"

"दिसते गं ती. टी-शर्टमधून पट्टे दिसतात."

"कोणाला?"

"लोकांना!"

आणि मग ती भडकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी अहोजाहो सोडलं नव्हतं तिने. "अरे, तू गेलास तर तुझी ही लाज मी कुठे ठेवू? सांग ना! शोकेसमध्ये लावू?" एवढं बोलली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. हॉस्पिटलातलं सगळं रडणं तिने त्या दिवसासाठी साठवून ठेवलं असावं. मी तिच्या शेजारी बसू शकत नव्हतो, खाली बसलं की उठता येत नव्हतं. नुसता तिच्या केसांवर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, उद्यापासून जातो.

मे महिन्यातलं विंडचीटर

गेलो, पण माझ्या अकलेने गेलो. विचुंब्यात नको, गावातलं कोणी बघेल. म्हणून रिक्षा करून पनवेलात, वडाळे तळ्यावर. सकाळ-संध्याकाळ नको, तेव्हा गर्दी असते. म्हणून टळटळीत उन्हात, अकरा वाजता. आणि चोळी दिसू नये म्हणून टी-शर्टवर विंडचीटर, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मे महिना! वर लघवीच्या गोळ्या चालू, बीपीच्या गोळ्या चालू. सुषमा ऑफिसला गेलेली, आईला सांगितलं सावलीतून चालतो. पहिले दोन-चार दिवस निभावलं. मला वाटलं, काय डोकं लावलंय मी!

मग एके दिवशी तळ्याची फरसबंदी डोळ्यांसमोर पिवळी झाली. बाकडं कुठे आहे ते शोधत होतो तेवढ्यात गुडघे गेले. पडलो. बेशुद्ध नाही, पण हात उचलेना. कोणीतरी म्हणालं, "अटॅक आलाय वाटतं." कोणीतरी म्हणालं, "अरे, जॅकेट उघडा आधी!" मी म्हणत होतो, नको, नको. आवाज निघत नव्हता. चेन उघडली. टी-शर्ट वर सरकवला.

आणि मी, जितेंद्र म्हात्रे, ज्याने आयुष्यभर तळ्यात पाय घातला नव्हता, तो तळ्याकाठी भर दुपारी गुलाबी फुलांच्या चोळीत पडलो होतो. भोवती माणसं. एक जण हसला. मला स्वच्छ ऐकू आलं.

"हसतंस काय रं मेल्या? पानी आन!"

हा आवाज मला ओळखीचा होता. गर्दी बाजूला सारून हिराकाकू आल्या, हातात भाजीची पिशवी. लेकीकडे पनवेलात आल्या होत्या, तिची वाट बघत झाडाखाली बसल्या होत्या. त्या माझ्याजवळ बसल्या आणि सरळ चोळीची बटणं काढायला लागल्या, सराईतपणे.

"काकू," मी कसंबसं म्हणालो, "बघू नका."

"काय बगू नको? ही बटनां मीच लावलीत!"

हसणाऱ्या पोरानेच पाण्याची बाटली आणली, आणि स्वतःची टोपी माझ्या डोळ्यांवर धरून उभा राहिला. हॉस्पिटलात समजलं की हृदयाला काही झालेलं नाही. अंगातलं पाणी कमी झालं होतं. मे महिन्यात विंडचीटर घातलं म्हटल्यावर डॉक्टरांनी जे काही सुनावलं, ते इथे लिहीत नाही.

परतीच्या रिक्षात हिराकाकूंनी बाकीचं सांगितलं. कापड बेतलं कोपऱ्यावरच्या शांताबाईंनी, कारण आईला आता कात्री धरवत नाही. आतली मऊ घडी बेबीकाकीची आयडिया, तिला बाळंतपणातल्या टाक्यांचा अनुभव. पट्टे आधी बारीक होते, चौघींनी मिळून रुंद करवले. मी ज्या गावापासून लपायला तीन किलोमीटर लांब जात होतो, त्या गावानेच ती चोळी शिवली होती.

मी आईवर ओरडलो

ओरडायचंच ठरवून घरात शिरलो. "सगळ्या गावाला सांगितलंस? माझी अब्रू वाटलीस?"

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "मंग? माज्या पोराची छाती उसवली, आन मी कोनाला सांगू नको? एकटीच रडत बसू?" मग म्हणाली, "त्या बाया देवाला नारळ ठेवून आल्यात तुज्यासाठी. त्यांना तुजी छाती नाय दिसली. तू मराला टेकलास, ते दिसला."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकलो तर टाके ओढले गेले, म्हणून तीच उठली आणि तिने मला उभ्यानेच जवळ घेतलं, हलकेच, चोळीच्या शिवणीला धक्का न लावता. मी रडलो. खूप रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, आईच्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचुंब्याच्या रस्त्याने चालायला निघालो. नुसत्या टी-शर्टवर. सुषमा बरोबर होती. पट्टे दिसत होते. पहिल्या कोपऱ्यापर्यंत माझी कानशिलं तापली होती. शांताबाई ओट्यावर होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि मी मनातल्या मनात सात पावलं मागे गेलो.

"डावा पट्टा ढिला हाय," त्या म्हणाल्या. "उद्या पाठव, टाका मारून देतंय."

सुषमा इतकी हसली की तिला थांबावं लागलं. मीही हसलो, छाती धरून. तेव्हापासून रोज चालतो. जखम भरायला पावसाळा अर्धा गेला, पण भरली. पंपिंगही सुधारलं, डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडायचा विषय संपला.

लाज गेली म्हणाल तर गेली नाही. आरशांच्या जिममध्ये मी आजही जाणार नाही. समोरून कॉलेजची पोरं आली की हात आपोआप छातीवर घडी होतात. मग आठवण करून हात सोडतो आणि चालत राहतो. एवढंच जमतं, पण तेवढ्याने हृदयाचं काम भागतंय.

नवा पेशंट

मागच्या आठवड्यात गौरी मॅडमच्या व्यायामवर्गाला गेलो होतो. आई पण होती, तिला आपला बीपी बघून घ्यायचा होता. कोपऱ्यात एक माणूस बसला होता. माझ्यापेक्षा तरुण, माझ्यासारखाच भरलेला, नुकताच बायपास झालेला. अंगात जाड जर्किन, दोन्ही हातांची घडी. बाकीचे हात वर करून श्वास घेत होते, तो जमिनीकडे बघत होता. मॅडम दोनदा म्हणाल्या, "सर, जॅकेट काढा ना." त्याने मान हलवली. ती मान मी ओळखली.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. मग शर्टाची वरची बटणं सोडली आणि त्याला दाखवलं. आधी टाक्यांची रेघ, मग चोळी. व्यायामाला मी ती अजून घालतो.

तो बघतच राहिला. "ही कुठे मिळते?" इतक्या हळू विचारलं की ओठांवरून समजलं.

"मिळत नाही. ही बघ, शिवणारी बसलीय."

आई उठली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि काही न विचारता जर्किनची चेन खाली ओढली. तो आक्रसला. "लाजतंस काय रं?" ती म्हणाली. "यो माजा पोरगा तर तुज्यापरीस जाडा व्हता." तिने त्याच्या छातीवरून वीत टाकली, एक, दोन, जखमेपाशी हात उचलून पुढे तीन. कुजबुजत मोजत होती. खोलीतले सगळे हात वर करून आमच्याकडे बघत होते. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

"झालं," आई म्हणाली. "पांढरी शिवते हां, डाक्टरांसारखी."

त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या उघड्या शर्टाकडे.

"पांढरी नको, मावशी," तो म्हणाला. "पांढऱ्यावर डाग दिसतात. यांच्यासारखी फुलांचीच शिवा."